बॅरिॲट्रिक ऑपरेशननंतर गोडाची तलफ: आधी काय करायचं, नंतर काय

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं की पहिले काही महिने बऱ्याच जणांना गोडाची आठवणही होत नाही. मग वर्षभराच्या आसपास, काहींना त्याआधीच, दुपारी चारला हात डब्याकडे जायला लागतो. इथे लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर मन घट्ट करून बसतात, नाही तर शुगर-फ्री मिठाईचा डबा घरी आणतात. सुरुवात दोन्हीकडे चुकते. चारला येणारी तलफ बहुतेक वेळा सकाळच्या नाश्त्यातच ठरलेली असते. आणि काही वेळा ती तलफ नसतेच. रक्तातली साखर खाली गेलेली असते. त्या वेळी नुसतं गोड खाल्लं की दोन तासांनी पुन्हा तीच गत होते.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सगळ्यात जास्त चुका सहाव्या टप्प्यापासून, म्हणजे तलफ आल्यावर काय करायचं तिथून, सुरुवात केल्यामुळे होतात.

हा लेख ऑपरेशनला दोन-अडीच महिने होऊन नेहमीच्या जेवणावर आलेल्यांसाठी आहे. तुम्ही अजून पातळ किंवा मऊ आहारावर असाल, तर तुमच्या टीमने दिलेला तक्ता पाळा आणि हा लेख नंतर वाचा.

## तयारी: चार गोष्टी हाताशी हव्यात

ऑपरेशनचं नाव. डिस्चार्ज कार्ड काढून बघा. 'पोटाचं ऑपरेशन झालं' एवढंच सांगणारे खूप भेटतात. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्त भाग काढून टाकतात, पण जठर संपून आतडं सुरू होतं तिथली झडप शाबूत राहते. बायपास किंवा मिनी बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. त्यामुळे गोड पदार्थ झडपेपाशी न थांबता भराभर आतड्यात उतरतो. पुढे ज्या डंपिंगबद्दल (अन्न भराभर आतड्यात उतरल्याने होणारा त्रास) आणि शुगर लो होण्याबद्दल लिहिलं आहे, ते बायपासवाल्यांना जास्त होतं. स्लीव्हवाल्यांना कमी होतं, पण होतं.

औषधांची यादी. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी अजून चालू असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी डॉक्टरांना फोन करा. वजन उतरल्यावर जुना डोस जास्त ठरतो आणि शुगर लो होते. तुम्हाला वाटतं तलफ वाढली, आणि कारण असतं ती गोळी. डोस स्वतःच्या मनाने मात्र कमी करू नका.

अलीकडचे रिपोर्ट. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. लोह कमी असलेला माणूस दुपारी गळून जातो आणि तो थकवा गोड चहाने भागवतो. अशा माणसाला तलफेवरचे उपाय सांगून काही होत नाही. त्याला लोह द्यावं लागतं.

ग्लुकोमीटर आणि मोजमापाची भांडी. स्ट्रिप्सची मुदत बघून घ्या. ५ मिलीचा चमचा, १५० मिलीची वाटी आणि जमल्यास स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. अंदाजाने घेतलेली 'थोडीशी' साखर मोजून बघितली की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

## टप्पा १: दोन आठवडे फक्त लिहा

या दोन आठवड्यांत खाण्यात काही बदल करायचा नाही. साधी वही पुरे. गोड खावंसं वाटलं की लगेच लिहायचं:

- वेळ
- याआधी काय खाल्लं आणि किती वाजता
- शेवटचं पाणी कधी प्यायलं
- अंगात काय होतंय: घाम, थरथर, धडधड, डोकं हलकं, की काहीच नाही
- शेवटी खाल्लं की नाही, आणि काय

रात्री झोप किती झाली तेही लिहा. बायकांनी पाळीचा कितवा दिवस ते लिहावं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, लोक फक्त खाल्लेलं गोड लिहितात. तलफ आली पण खाल्लं नाही, ती वेळ लिहायची राहते. दुसरी चूक मोठी. आदल्या तीन तासांतलं खाणं लिहीत नाहीत, आणि उत्तर तर तिथेच असतं.

दोन आठवड्यांनी वही अशी वाचा.

खाल्ल्यानंतर १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, मळमळ, धडधड, जुलाब आणि आडवं पडावंसं वाटणं, हे लवकरचं डंपिंग. गोड किंवा पातळ पदार्थ एकदम आतड्यात उतरल्याने ते होतं. गंमत अशी की यानंतर आलेल्या अशक्तपणावर घरचे साखर घातलेलं लिंबू सरबत देतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. इथे उपाय एकच: ज्या पदार्थाने हे झालं तो वहीत गोल करून ठेवा, शांत पडून राहा, आणि पोट निवळल्यावर साधं पाणी घोट-घोट प्या.

खाल्ल्यानंतर १ ते ३ तासांनी घाम, थरथर, एकदम भूक आणि गोडाची जबरदस्त ओढ येत असेल तर टप्पा २ तुमच्यासाठीच आहे.

चार-पाच तास पोटात काही नाही आणि मग तलफ आली, तर ती साधी भूक आहे. टप्पा ३.

रोज ठरलेल्या वेळी, अंगात काही होत नसताना, चहाबरोबर किंवा मालिका बघताना येत असेल तर ती सवय आहे. टप्पा ४ आणि ५.

पाळीच्या आधीचे दिवस, जागरण, भांडण, रात्री सगळे झोपल्यावरची वेळ, असं काही दिसत असेल तर टप्पा ६, आणि शेवटचा टप्पाही नीट वाचा.

तपासा: वहीत निदान दहा-बारा नोंदी आहेत का? तीन-चार नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. अजून एक आठवडा लिहा. मात्र घाम आणि थरथर येत असेल तर दोन आठवडे थांबू नका, आजच पुढचा टप्पा करा.

## टप्पा २: शुगर लो होते आहे का, ते मोजा

बायपासनंतर साखर किंवा मैदा-भातासारखा पिष्टमय पदार्थ झपाट्याने आतड्यात पोहोचतो आणि रक्तातली साखर एकदम चढते. आतड्यातली संप्रेरकं जोरात काम करतात, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन सोडतं, आणि तासा-दोन तासांत साखर हवी त्यापेक्षा खाली जाते. हे सहसा ऑपरेशननंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतं. शरीर मग साखर मागतं. तुम्ही जिलेबी खाता, बरं वाटतं, आणि इन्शुलिनची पुढची लाट तयार होते. अशा माणसाला 'जिभेवर ताबा ठेव' म्हणून ऐकवणं म्हणजे निव्वळ अन्याय.

मोजायचं कसं: लक्षणं चालू असतानाच, काही खाण्याआधी. हात साबणाने धुऊन कोरडे करा, कारण बोटाला फळाचा रस किंवा गूळ लागलेला असला तर आकडा खोटा वर येतो. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला तर शुगर लो आहे. ५४ च्या खाली गेला तर ती गंभीर पातळी. उपचार करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

लो आली तर:

१. बसा. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन बंद करा.
२. साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, म्हणजे ग्लुकोज पावडरचे सपाट तीन-चार चमचे थोड्या पाण्यात. तुमच्या डॉक्टरांनी कमी प्रमाण सांगितलं असेल तर ते पाळा. अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखर, गूळ, पेढा काहीच कामाचं नाही. ग्लुकोजच हवं, कारण ती गोळी साखरेचं पचन लांबवते.
३. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या.
४. आकडा वर आला की उकडलेलं अंडं, पनीरचे चार तुकडे किंवा मूठभर फुटाणे खा.

चौथी पायरी जवळजवळ सगळे गाळतात. बरं वाटलं की उठून कामाला लागतात आणि दीड तासाने पुन्हा थरथर सुरू होते.

सावध: माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात साखर, पाणी, काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

एकदा जरी लो आकडा मिळाला, तरी वही घेऊन डॉक्टरांना भेटा. यावर औषधं आहेत, पण पहिला उपचार आहारच: गोड पेयं बंद, नुसते पोहे, नुसता भात किंवा नुसतं फळ बंद, दिवसाला पाच-सहा छोटी खाणी, प्रत्येक खाण्यात प्रथिनं. अशा लोकांनी टप्पा ७ मधली सणाच्या गोडाची सूट स्वतःला देऊ नये.

तपासा: लक्षणं असताना तीन-चार वेळा मोजलं आणि आकडा दरवेळी ८०-९० च्या वर आला? मग हे लो शुगरचं प्रकरण नसण्याची शक्यता जास्त. पुढे चला. घाम-धडधड तरीही येत राहिली तर ती डॉक्टरांच्या कानावर घाला.

## टप्पा ३: प्रथिनं आधी, पाणी वेगळं

ज्यांना फक्त एकच टप्पा करायचा असेल त्यांनी हा करावा.

ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या आहारतज्ज्ञांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. मराठी घरातला नाश्ता बघा: वाटीभर पोहे, त्यात प्रथिनं जेमतेम दोन-तीन ग्रॅम. उपमा तसाच. चहा-खारी तर धरूच नका. दुपारी पातळ वरण आणि भात. 'आम्ही रोज वरण खातो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता आधी वरणाचं पातेलं दाखवा म्हणावंसं वाटतं. पळीतून धारेसारख्या पडणाऱ्या वरणात डाळ कमी आणि पाणी जास्त. घट्ट शिजवलेल्या वाटीभर डाळीतून पाच-सात ग्रॅम मिळतात, पातळातून त्याच्या निम्मेही नाही.

अंदाज यावा म्हणून: एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, २०० मिली दुधात ६-७, मूठभर (३० ग्रॅम) फुटाण्यांत ६, ३० ग्रॅम कोरड्या सोया वडीत १५, १०० ग्रॅम माशात २० च्या आसपास.

एक दिवस असा लावता येतो:

- सकाळी ८: दोन अंडी, किंवा आत पनीर भरलेलं मुगाच्या डाळीचं धिरडं
- ११: दुधात अर्धा स्कूप व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची पावडर), साखर न घालता
- दीड: ७०-८० ग्रॅम मासा किंवा चिकन, शाकाहारी असाल तर पनीर किंवा सोया वडीची भाजी. त्यानंतर भाजी-कोशिंबीर, आणि जागा उरली तर अर्धी ज्वारीची भाकरी
- साडेतीन: फुटाणे किंवा शंभर ग्रॅम बिनसाखरेचा चक्का, वर जिरेपूड आणि मीठ
- रात्री ८: मटकीची घट्ट उसळ किंवा घट्ट पिठलं, सोबत अंडं किंवा पनीर

दुपारच्या जेवणातला क्रम मुद्दाम तसा आहे. जठर लहान आहे. भाताने सुरुवात केली की चार घासांत पोट भरतं आणि प्रथिनं ताटात राहतात. दोन तासांनी तो भात उतरलेला असतो आणि शरीर पटकन ऊर्जा देणारं काहीतरी मागतं. म्हणजे गोडच. लग्नाच्या पंगतीतही हाच क्रम ठेवा. लोक बघतील, बघू द्या.

साडेतीनचं खाणं तलफ येण्याच्या अर्धा तास आधी हवं. वहीत तुमची वेळ साडेतीन असेल तर तीनला खा. तलफ आल्यावर फुटाणे समोर ठेवले तर फुटाणेही खाल्ले जातात आणि बर्फीही.

चिवडा, खारी, टोस्ट, बिस्किटं, आइस्क्रीम यांच्यापासून जपून. हे तोंडात विरघळतात आणि लहान जठरातूनही सहज खाली सरकतात, म्हणून पोट भरल्याची जाणीव होत नाही. दोन घास चिकन न जाणारा माणूस मारी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवू शकतो. 'गोड कुठे खाते, मारीच तर खाते' हा युक्तिवाद आतड्याला कळत नाही.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, घोट-घोट. जेवताना नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. जेवणात पाणी प्यायलं की अन्न लवकर खाली जातं, डंपिंग वाढतं आणि भूकही लवकर लागते. पण हा नियम पाळताना लोक दिवसभराचं पाणीच विसरतात, आणि तहान गोडाच्या इच्छेचं रूप घेऊन येते. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. मल्टिव्हिटॅमिन घेतल्यावर काही तास रंग पिवळाजर्द येतो, तो धरू नका.

उपवास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यावर बटाटा, राजगिऱ्याचा लाडू आणि खजूर. उपवासाच्या दिवशी वहीतल्या नोंदी दुप्पट दिसल्या तर आश्चर्य नको. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं वर्ष उपवास बाजूला ठेवावेत. ठेवायचाच असेल तर दही, पनीर, दाण्याची आमटी, दूध आणि राजगिऱ्याची भाकरी यांवर भागवा. निर्जळी करूच नका, आणि शुगर लो होणाऱ्यांनी उपवासच करू नये.

तपासा: सलग दोन आठवडे ६० ग्रॅमचा आकडा गाठला का? गाठला नसेल तर चौथ्या टप्प्याकडे जाऊ नका. गाठला असेल तर वहीतल्या दुपारच्या नोंदी कमी झालेल्या दिसायला हव्यात.

## टप्पा ४: चहातली आणि न दिसणारी साखर

दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. एका सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम, म्हणजे चहातूनच ३२ ग्रॅम. जवळजवळ तितकीच साखर ३०० मिली कोल्ड्रिंकमध्ये असते, आणि ते पिताना मात्र आपण दहा वेळा विचार करतो.

चहा एकदम बिनसाखरेचा करू नका. तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. दर आठवड्याला प्रत्येक कपात अर्धा चमचा कमी करा. दोन चमच्यांपासून निघालात तर महिन्यात शून्यावर याल, आणि तोवर जीभही बदललेली असेल. मोजका चमचा वापरा. घरातल्या डब्यातला चमचा बहुतेक वेळा ढीगभर भरला जातो.

गुळाचा चहा ही पळवाट नाही. गूळ, काकवी, मध, खजूर: यातलं काहीही आतड्यात उतरल्यावर साखरेसारखंच वागतं. गुळात थोडं लोह असतं हे खरं, पण लोहासाठी तुमची गोळी आहे. ती गोळी चहाबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीपासून निदान दोन तास दूर ठेवा.

पाकिटावर साखरेचे आकडे ग्रॅममध्ये असतात, ते वाचा. घटकांच्या यादीत लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं की तेही त्याच खात्यात मांडा. लहान मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या माल्टच्या पावडरी 'प्रोटीन' म्हणून घेणारे बरेच आहेत. त्या डब्याची मागची बाजू एकदा वाचा. औषधांच्या कपाटातही बघा: खोकल्याचं सिरप, च्यवनप्राश, गमी स्वरूपातली जीवनसत्त्वं. केमिस्टकडे बिनसाखरेचं सिरप मागितलं तर मिळतं.

शुगर-फ्री मिठाईबद्दल. त्यात साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असतं. जास्त खाल्लं की गॅस, पोट फुगणं, जुलाब. शिवाय तूप आणि खवा जिथल्या तिथे असतो, आणि गोड खाण्याची सवयही. चहात साखरेऐवजी सुक्रालोज किंवा स्टीव्हियाची गोळी एक-दोन महिने पूल म्हणून चालेल. कायमची नको, असं माझं म्हणणं.

## टप्पा ५: घर

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण राहून जातं.

घरात इतरांसाठी गोड असणारच. ते पारदर्शक बरणीत, ओट्यावर, डोळ्यांच्या पातळीवर नको. स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर ठेवा. पुढची जागा फुटाणे, दाणे आणि उकडलेल्या अंड्यांना द्या. महिन्याचा किराणा भरल्यापोटी आणायला जा.

सासूबाई किंवा मावशी आग्रह करतात तेव्हा 'मी डाएटवर आहे' म्हटलं की 'एकाने काय होतंय' हे ठरलेलं उत्तर येतं. 'मला त्रास होतो, डॉक्टरांनी बंद केलंय' याला सहसा उत्तर येत नाही. प्रसाद नाकारायचा नसेल तर चिमूटभर घ्या, कपाळाला लावा, तोंडात टाका आणि बाकीचा शेजारच्याच्या हातावर ठेवा. प्रसादाचा शिरा वाटीत घेतला की तो प्रसाद राहत नाही, नाश्ता होतो.

## टप्पा ६: तलफ आली त्या वेळी

आधीचे टप्पे झाले असतील तर ही वेळ आता कमी येईल. आली तर या क्रमाने:

१. अंगात घाम, थरथर आहे का? असेल तर मोजा आणि टप्पा २ प्रमाणे वागा.
२. जेवून अर्धा तास झाला असेल तर पाच-सहा घोट पाणी प्या.
३. प्रथिनं खाऊन तीन तास उलटले असतील तर ही भूक आहे. अंडं, पनीर, चक्का, जे असेल ते खा.
४. भूक नसेल तर वीस मिनिटं जागा बदला. स्वयंपाकघरातून आणि टीव्हीसमोरून उठा. दात घासा, गच्चीवर जा, कुणाला तरी फोन लावा. बडीशेप चालेल, पण हॉटेलात बिलाबरोबर येते ती रंगीत, साखर लावलेली नको.
५. वीस मिनिटांनीही हवंच असेल तर पुढच्या टप्प्यातल्या नियमाने खा.

इथली ठरलेली चूक म्हणजे भोवती फिरत राहणं. बर्फी नको म्हणून आधी केळं, मग चार खजूर, मग दाण्याची चिक्की, आणि शेवटी ती बर्फी. सगळं मिळून बर्फीच्या तिप्पट.

## टप्पा ७: सणाचं ताट

आयुष्यभर गोड वर्ज्य करायचं, असं मी कुणाला सांगत नाही. ते टिकत नाही. पण शुगर लो होणाऱ्यांनी, आणि ऑपरेशनला सहा महिने झाले नसतील त्यांनी, हा टप्पा वगळावा.

नियम साधे. गोड जेवणाच्या शेवटी, प्रथिनं पोटात गेल्यावरच. बसून. आधी प्रमाण ठरवून: अर्धी पुरणपोळी किंवा एक उकडीचा मोदक. वाढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नंतर ताटावर हात आडवा धरणं जमत नाही. पहिल्यांदा घरीच खाऊन बघा, प्रवासात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये नको.

पातळ गोड सगळ्यात वाईट. आमरस, बासुंदी, पियूष, उसाचा रस. अक्षय्य तृतीयेला आमरसाची वाटी पिण्यापेक्षा जेवणानंतर आंब्याची एक फोड चावून खा. श्रीखंडात चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर घालायची आपल्याकडे रीत आहे. घरी करताना चक्क्याच्या पाव भागच घाला, वेलची-केशर सढळ हाताने. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला पाच घरी पाच वड्या मिळतात. एका घरची खा, बाकीच्या पर्समध्ये. दिवाळीत गोडापेक्षा येता-जाता तोंडात टाकलेल्या शंकरपाळ्यांनी घात होतो. फराळ वाटीत काढून, एकदाच.

दुसऱ्या दिवशी 'काल खाल्लं म्हणून आज काही नाही' असं करू नका. उपाशी राहिलात की संध्याकाळी वही पुन्हा भरेल.

सावध: 'गोड खाल्लं की त्रास होतो, म्हणून आपोआप ताबा राहील' यावर विसंबू नका. बायपासवाल्या सगळ्यांनाच डंपिंग होत नाही, आणि अनेकांचं काळाबरोबर कमी होतं. आपल्याला 'सोसतंय का' हे बघायला म्हणून दर महिन्याला थोडं-थोडं खाऊन बघणारे असतात. सोसलं की सगळंच परत सुरू होतं.

## टप्पा ८: डॉक्टरांकडे कधी जायचं

- शुगर ७० च्या खाली गेली, विशेषतः चक्कर किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर.
- वारंवार उलट्या होत असतील तर त्याच आठवड्यात, थांबू नका. ऑपरेशननंतरच्या सततच्या उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं आणि मज्जासंस्थेला इजा होऊ शकते.
- दोन-तीन महिने वजन सतत चढत असेल तर.
- रात्री लपून खाणं, थांबता न येणं, नंतर अपराधी वाटणं असं चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हवा. तक्ते बदलून हे सुटत नाही.
- गोड सुटलं आणि दारू वाढली असं दिसत असेल तर. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि रिकाम्या पोटी घेतली तर शुगरही खाली नेते. घरच्यांच्या हे आधी लक्षात येतं, त्यांनी बोलावं.

भेटीला जाताना वही, ग्लुकोमीटर, औषधांची यादी आणि डिस्चार्ज कार्ड न्या.

बायकांसाठी आणखी एक. गरोदरपणात मधुमेह तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात. बायपास झालेल्या बाईला त्याने जोरात डंपिंग होऊ शकतं, शुगर खूप खाली जाऊ शकते, आणि रिपोर्टवरही विसंबता येत नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती असेलच असं नाही. ग्लासाला हात लावण्याआधी कार्ड दाखवा आणि त्याऐवजी आठवडाभर घरी उपाशीपोटी आणि जेवणानंतर शुगर मोजून चालेल का, असं विचारा. नेहमीच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ग्लुकोज पिण्याची चाचणी असेल तर पुरुषांनीही हेच करावं.